दगडांचं विरजण

नाशिकला जाऊन आले म्हटलं की लोक विचारतात, पंचवटी केली का, त्र्यंबकला गेलात का, द्राक्षं किती आणली. मी चौदा दिवस तिथं होते आणि यातलं काहीच केलं नाही. मी दगड पाहिले, दगड धुतल्याबद्दल एका भल्या बाईवर ओरडले, दगड बसमधून इकडून तिकडे नेले. शेवटी त्या दगडांनीच माझी अब्रू राखली. म्हणून हे प्रवासवर्णन दगडांचं आहे. ज्यांना देवळांचं हवं असेल त्यांनी दुसरीकडे बघावं, तिथं तशी पुस्तकं पुष्कळ मिळतात.

मी सोलापूरच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. सांडपाणी स्वच्छ करून पुन्हा वापरायचं, हा माझ्या संशोधनाचा विषय. लग्नाच्या पंगतीत शेजारचं माणूस कौतुकानं विचारतं, "तुम्ही काय करता?" मी सांगते, आणि मग ते पुढचा घास जरा सावकाश घेतं. पण ज्या गावात नळाला पाणी येण्याचा दिवस सणासारखा मोजला जातो, तिथं वाढलेल्या मुलीला मोरीतून वाहून जाणारं पाणी बघून त्याखाली बादली लावावीशी वाटते. तिथूनच हा नाद लागला.

दोन वर्षांपूर्वी नाशिक रोडच्या एका सोसायटीत मी माझा पहिला मोठा प्रयोग उभा केला. चार विंगांची सोसायटी, बहुतेक बौद्ध कुटुंबं. कुणी नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले, कुणी शिक्षक, कुणी रेल्वेत. चारही विंगांचं न्हाणीचं आणि स्वयंपाकघरातलं पाणी एका टाकीत येतं. टाकीत हाताच्या मुठीएवढे दगड भरलेले. त्यांच्यावर पाणी वरून झारीसारखं पडतं, दगडांवरून झिरपत खाली येतं, मग कर्दळीच्या लांब वाफ्यातून जातं आणि पलीकडे स्वच्छ होऊन निघतं. त्या पाण्यावर सोसायटीच्या महिला मंडळानं रोपवाटिका केली होती. पिंपळाची, चाफ्याची, कढीपत्त्याची शेकडो रोपं. चौदा एप्रिलला नाशिक रोडच्या घराघरांत एकेक रोप द्यायचं, असा त्यांचा संकल्प होता.

आता ती जागाच जाणार होती. सोसायटीला पार्किंग हवं होतं. वाफा आणि टाकी बुजवून फरशा बसवायच्या, असा ठराव दोन आठवड्यांनंतरच्या रविवारी सभेपुढे येणार होता. पाणी खरंच स्वच्छ होतं हे तोवर सिद्ध करून दाखवलं तर वाफा राहील, नाहीतर जाईल. मी रजा टाकली आणि निघाले.

सोमवार, नाशिक रोड

स्टेशनबाहेर पहिल्यांदा मिसळ खाल्ली. आमच्याकडं सोलापुरात तिखट खाण्याचा सगळ्यांना भारी अभिमान असतो. नाशिकच्या काळ्या रश्श्यानं माझा तो दोन घासांत उतरवला. मिसळीबरोबर पापड देतात, दही देतात आणि रस्सा संपला की न विचारता पुन्हा वाढतात. तिसऱ्यांदा मी हात आडवा धरला, तर वाढणारे काका म्हणाले, "ताई, रस्सा नको म्हणू नये. मिसळीला राग येतो." मिसळीचा राग ओढवून घ्यायची माझी हिंमत झाली नाही.

सोसायटीच्या दारात पगारेताई उभ्या होत्या. सविता पगारे, वय पन्नाशीच्या पुढं, अंगणवाडी सेविका, महिला मंडळाच्या अध्यक्ष. दोन वर्षं टाकी आणि वाफा त्यांनी पोटच्या पोरासारखा सांभाळला होता.

"जय भीम मॅडम! चहा नंतर. आधी चला, तुम्हाला गंमत दाखवते."

टाकीजवळ नेऊन त्यांनी झाकण उचललं. आतले दगड काळे ठिक्कर, छिन्नीनं नुकत्याच टाकवलेल्या पाट्यासारखे स्वच्छ दिसत होते. ब्लीचिंग पावडरचा वास नाकात गेला आणि मी तिथंच कठड्यावर बसले.

"दोन रविवार लागले," पगारेताई अभिमानानं सांगत होत्या. "पंधरा बायका बसलो होतो. काथ्यानं घासला एकेक दगड. काय बुळबुळीत घाण बसली होती मॅडम, शी!"

ती घाण हाच माझा सगळा प्रयोग होता. दगडांवर जो बुळबुळीत तपकिरी थर धरतो त्यात कोट्यवधी जिवाणू असतात आणि पाण्यातली घाण तेच खातात. दगड नुसते त्यांची घरं आहेत. पंधरा बायकांनी दोन रविवार घालवून काथ्यानं आणि ब्लीचिंगनं ती सगळी वस्ती उठवली होती.

मी रागीट आहे. घरचे सांगतात, विद्यार्थी सांगतात, मी ऐकत नाही. त्या दिवशीही तोंडाचा पट्टा सुटला. "काही अक्कल आहे का हो तुम्हाला? एवढा मोठा बोर्ड लावलाय तिथं! वाचता येतं ना?"

पगारेताईंचा चेहरा उतरला. पण त्या डगमगल्या नाहीत.

"वाचता येतं मॅडम. वाचलं म्हणून तर काळजी घेतली." त्यांनी टाकीवरच्या पाटीकडं बोट दाखवलं. ती मीच मोठ्या हौसेनं रंगवून घेतलेली पाटी होती. तिच्यावर लिहिलं होतं: *जैवपटलास क्षती पोहोचवू नये.*

"पटल म्हणजे बोर्ड," पगारेताई म्हणाल्या. "जैवपटल म्हणजे हा तुमचा बोर्ड. म्हणून बोर्डाला आम्ही अजिबात क्षती पोचवली नाही. फडकंसुद्धा लावलं नाही. बाकी सगळं घासून काढलं."

पाटीवर दोन वर्षांची धूळ साचली होती. खरंच कुणी तिला हात लावला नव्हता.

मला हसू आलं नाही, तेव्हा तरी नाही. शरम वाटली. दगडांवरच्या त्या बुळबुळीत थराला 'जैवपटल' असं शुद्ध शास्त्रीय मराठी नाव लिहिल्याचा माझा तोरा मलाच महागात पडला होता. मी माफी मागितली. पगारेताई माझ्याशेजारी कठड्यावर बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, माझी आजी आडगावला गावाची घाण काढायची. आता बाहेरचे लोक येणार, आमच्या दारातलं पाणी तपासणार. त्यांना एक काळा डागसुद्धा दिसायला नको होता मला. तेवढंच."

आमच्या लहानपणच्या घरामागं एक गटार होतं. ते रोज कोण साफ करतं, हे मी कधी विचारलं नव्हतं. मला तेव्हा ते आठवलं.

सोमवार, संध्याकाळ, भालेराव साहेबांचं ऑफिस

सोसायटीचे चेअरमन भालेराव. एका सरकारी कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले, पांढऱ्या शर्टाला कडक इस्त्री, खिशाला दोन पेनं. सगळी सोसायटी त्यांना साहेबच म्हणते. पार्किंगचा ठराव त्यांचाच होता.

मी प्रयोगशाळेच्या अहवालाचं बोलायला लागले तर त्यांनी हात वर केला. "मॅडम, मी छत्तीस वर्षं अहवाल वाचले. कागदावर सगळं स्वच्छ असतं. सभेतल्या माणसाला डोळ्यांनी दिसेल असं काही असेल तर बोला."

हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं म्हणणारा माणूस मला आवडतो, विरोधात असला तरी. माझ्या पिशवीत त्याच्यासाठी एक जुनी युक्ती होती. पाणी बाटलीत भरायचं, त्यात मिथिलीन ब्लूचे काही थेंब टाकायचे आणि बूच घट्ट लावून पाच दिवस अंधारात ठेवायचं. पाण्यात सडणारी घाण असेल तर ती पाण्यातली हवा संपवते आणि निळा रंग उडून जातो. पाणी स्वच्छ असेल तर निळं तसंच राहतं.

"निळं टिकलं तर पास. उडालं तर नापास," मी म्हणाले.

भालेरावांनी चष्मा काढला. "निळं टिकलं तर," ते स्वतःशीच पुटपुटले. मग म्हणाले, "मंजूर. बाटल्या माझ्या कपाटात राहतील. किल्ली माझ्याकडे. रविवारी सभेत उघडायच्या, त्याआधी नाही."

हिशेब सोपा होता. त्या रविवारच्या आधी पाच दिवस, म्हणजे पुढच्या मंगळवारी बाटल्या भरायला हव्या होत्या. माझ्याकडे आठ दिवस होते. कोऱ्या दगडांवर आपोआप थर धरायला महिना तरी लागतो.

त्या संध्याकाळी पगारेताईंच्या स्वयंपाकघरात बसून मी हे त्यांना समजावत होते. दगडांवरचा जिवंत थर कसा वाढतो, तो आधीच्या थराच्या थोड्याशा अंशानं कसा लवकर लागतो, वगैरे. त्या ऐकत होत्या आणि कोमट दुधात चमच्यानं दही कालवत होत्या. मध्येच त्यांचा चमचा थांबला.

"अहो, म्हणजे विरजण!"

"काय?"

"विरजणच की! असं सांगा ना मग. जैवपटल काय, क्षती काय! दगडांवर विरजण आहे, घासू नका, असं लिहिलं असतं तर माझ्या सासूनंसुद्धा हात लावला नसता." आणि लगेच पुढचा प्रश्न, तो मला आधी सुचायला हवा होता. "विरजण मेलं की शेजारणीकडून वाटीभर आणायचं असतं. तुमची शेजारीण कोण?"

माझी शेजारीण पेठ तालुक्यात होती. तिथल्या डोंगरातल्या मुलींच्या एका वसतिगृहात मी चार वर्षांपूर्वी अशीच एक लहान टाकी बांधली होती. ती अजून चालू होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीवरची पाटी रंगवून कोरी झालेली होती. तिच्यावर पगारेताईंच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: *दगडांवर विरजण लावले आहे. घासू नये.* तो मंगळवार आम्ही टाकीत साधं पाणी सोडून, ती उन्हात उघडी ठेवून ब्लीचिंगचा वास घालवण्यात घालवला.

बुधवार, पेठ

सकाळी नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून पेठची एसटी धरली. पगारेताईंच्या हातात दोन जड पिशव्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "आपले धुतलेले दगड. त्यांच्या टाकीतले आपण आणणार, मग त्यांची टाकी रिकामी राहणार नाही का? कुणाकडे विरजणाला जाताना असं मोकळ्या हातांनी जाऊ नये." सह्याद्रीत दगड घेऊन जाणाऱ्या आम्ही पहिल्याच दोघी असू.

नाशिक मागं पडलं की रस्ता चढायला लागतो. फेब्रुवारी संपत आलेला, भात कधीच निघालेलं, उतारांवर नुसते कापलेल्या भाताचे खुंट आणि मधूनच पेटलेला पळस. आमच्या सोलापूरच्या माळावर पळस असतो पण इतका नाही. इथं डोंगरच्या डोंगर लाल होते. पगारेताई खिडकीतून बघत म्हणाल्या, "कुठंही जा, पळसाला पानं तीनच म्हणतात. पण इथं तर पानंच नाहीत, सगळी फुलंच!" घाटात दोनतीन ठिकाणी माणसांनी भरलेल्या जीपगाड्या आम्हाला मागं टाकून गेल्या. द्राक्षांच्या बागांत मजुरीला गेलेली कुटुंबं होळीसाठी गावाकडं परतत होती. एका गाडीच्या टपावर स्वयंपाकाची भांडी बांधलेली आणि त्यावर एक कोंबडा अगदी पाटलाच्या ऐटीत बसलेला.

वसतिगृहात टाकी सांभाळतात जनाबाई भोये. तिथल्या स्वयंपाकीण, अंगानं किडकिडीत, वय विचारलं तर हसतात. आम्ही येण्याचं कारण सांगायला लागलो. पगारेताई जरा आढेवेढे घेत होत्या. "म्हणजे आमच्याकडं जरा असं झालं की..."

"ताकाला येऊन भांडं काय लपवता," मी म्हणाले. "यांनी टाकी धुतली, जनाबाई. घासून. एकेक दगड."

जनाबाईंनी कपाळावर हात मारला आणि मग पोट धरून हसल्या. "घासली? सगळी घासली? अगं बाय! ती तर जित्ती असती. माझ्या टाकीला मी चार वरसात हात नाय लावला. वरती पाला पडला तर तेवढा उचलते, बास."

"तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं. त्या टाकीवर मी लावलेली पाटीही जैवपटलाचीच होती.

"कोण सांगल? पाटी काय मला वाचता येती का! पहिल्या वरसाला हात लावून बघितला. बुळबुळीत लागला. नदीतल्या दगडावानी. नदीचा दगड कुणी घासतं का?"

वाचता येत नव्हतं म्हणून जनाबाईंची टाकी वाचली आणि वाचता येत होतं म्हणून पगारेताईंची गेली. एवढं मोठं प्रशस्तिपत्र माझ्या मराठीला आजवर मिळालेलं नाही.

जनाबाईंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. नागलीची, म्हणजे नाचणीची काळसर भाकरी, उडदाची घट्ट डाळ आणि खुरासणीची, म्हणजे कारळ्याची चटणी. आमच्याकडं शेंगाचटणीशिवाय भाकरी म्हणजे पाप. खुरासणीच्या चटणीनं मात्र मी ते पाप दोन भाकऱ्या खाऊन केलं. मग टाकीच्या वरच्या भागातले तपकिरी, ओलेगच्च दगड आम्ही तिघींनी उचलले, दोन लहान पोत्यांत भरले, वर ओली पोती गुंडाळली. त्यांच्या जागी पगारेताईंनी आपले धुतलेले दगड हळूच मांडले. "तुमची वाटी भरून परत," त्या म्हणाल्या.

जनाबाई पोत्यांवर पाणी शिंपत म्हणाल्या, "उन्हात नका ठेवू गं. मरल."

खरी परीक्षा परतीच्या एसटीत होती. पोती टपावर टाकली असती तर उन्हानं थर सुकला असता, म्हणून आम्ही ती सीटखाली सरकवली. गाडी सुटली आणि वास सुटला. कंडक्टर नाक मुरडत आला.

"काय आहे यात? सुकट?"

"दगड," मी म्हणाले.

"दगडाला असा वास येतो?"

"विरजण आहे," पगारेताई म्हणाल्या.

"दगडाचं विरजण?" कंडक्टरनं गाडीभर नजर फिरवली आणि गाडी खो खो हसायला लागली. मागच्या सीटवरची एक बाई म्हणाली, "लावा हो लावा, उद्या दगडाची कढी करू!" कंडक्टर मात्र ऐकेना. पोती खाली उतरवा म्हणाला. तेव्हा पगारेताई उठून उभ्या राहिल्या आणि एसटीच्या मधोमध, बार धरून, त्यांनी सगळ्या गाडीला सांगितलं. आपली टाकी कशी धुतली, बोर्डाला कशी क्षती पोचवली नाही, या दगडांवरचं विरजण कसं जिवंत आहे, पुढच्या मंगळवारपर्यंत पाणी कसं स्वच्छ करून दाखवायचंय, नाहीतर सगळी रोपं कशी मरतील. एवढं चांगलं व्याख्यान मी शिकवण्याच्या सत्तावीस वर्षांत दिलेलं नाही. शेवटी पुढच्या सीटवरच्या एका म्हाताऱ्या बाबांनी आपली पाण्याची बाटली काढली, पोत्यांवर ओतली आणि कंडक्टरला म्हणाले, "राहू दे रं. लेकरू तर जित्तं हाय ना ते. लेकराला उतरवतो का?"

पोती उतरली ती नाशिकलाच. संध्याकाळी ती टाकीत रिकामी झाली, धुतलेल्या दगडांमध्ये पेरली गेली आणि वरून पाण्याची झारी सुरू झाली.

शुक्रवार ते मंगळवार

शुक्रवारी सकाळी मी चोरून एक बाटली भरली. नुसती आपली चाचणी. निळे थेंब टाकून पगारेताईंच्या कपाटात लुगड्यांमागं ठेवली. शनिवारी सकाळी उघडून पाहिलं तर पाणी पांढुरकं. निळं पार उडालेलं.

मी मोडले. मोडले म्हणजे खरंच, पगारेताईंच्या पलंगावर तोंड झाकून बसले. दगडांवर विरजण नीट लागायला अजून पंधरा दिवस हवे होते आणि ते आमच्याकडं नव्हते. परतीचं तिकीट काढावं असाही विचार आला.

पगारेताईंनी बाटली उजेडात धरून पाहिली. "मॅडम, चमचाभर विरजणाला हंडाभर दूध घातलं तर काय होतं?"

"लागत नाही. नासतं."

"मग आपण तर टँकरभर घालतोय."

मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. चार विंगांचं सगळं पाणी आम्ही त्या थोड्याशा जिवंत थरावर ओतत होतो. हा माझा विषय, माझं शिक्षण, आणि ही गोष्ट मला दही लावणाऱ्या बाईनं सांगितली.

शनिवारी दुपारी महिला मंडळाची बैठक झाली, जिन्यातच. ठरलं असं: आज फक्त ए विंगचं पाणी टाकीत. बाकीच्यांचं, पूर्वी जायचं तसं, महापालिकेच्या गटारात. उद्या त्यात बी विंग जोडायची, परवा सी, आणि मंगळवारी सकाळी डी. म्हणजे बाटली भरायच्या आधी पूर्ण सोसायटीचं पाणी येणार, लबाडी नाही. मंगळवारपर्यंत कुणाच्याही घरात फिनेल, अ‍ॅसिड, ब्लीचिंग नाही. मोरी घासायची तर साबणानं आणि काथ्यानं. "काथ्या आपल्याला जमतो," एक जण म्हणाली आणि सगळ्या हसल्या. डी विंग भालेराव साहेबांची होती. शेवटी कोण, हे ठरवताना कुणी त्यांचं नाव घेतलं नाही, पण शेवटी तेच आले.

मंगळवारी संध्याकाळी, चारही विंगांचं पाणी येत असताना, भालेरावांनी स्वतः टाकीकडं येणारा प्रत्येक विंगचा व्हॉल्व्ह उघडा आहे का ते पाहिलं. मग दोन बाटल्या भरल्या. एकीत टाकीत शिरणारं गढूळ पाणी, दुसरीत वाफ्यातून बाहेर पडणारं. दोन्हींत सारखेच थेंब. दोन्ही निळ्या झाल्या. भालेरावांनी बाटल्या कपाटात ठेवल्या, कुलूप लावलं आणि किल्ली शर्टाच्या खिशात पेनांशेजारी टाकली.

गुरुवार ते शनिवार

वाट पाहण्याबद्दल काय लिहिणार? रोपांना पाणी घातलं. देवळालीला तोफखान्याचा सराव चालू होता. अधूनमधून धडाम आवाज यायचा आणि ऑफिसच्या काचा थरथरायच्या. पहिल्यांदा मी दचकून विचारलं, तर ऑफिससमोर बसलेल्या आजी म्हणाल्या, "देवळालीच्या तोफा गं. आम्हाला सवय आहे. तू काळजी करू नको, बाटल्यांना काय होत नाही." सोसायटीत प्रत्येकाला बाटल्यांची काळजी होती. दूध घालायला येणारासुद्धा विचारायचा, "मॅडम, निळं आहे ना?" मला काय माहीत!

शुक्रवारी सकाळी भालेराव फिरून येताना वाफ्याजवळ थांबले. मी कर्दळीची वाळलेली पानं काढत होते. खाली पडलेलं एक पान उचलून ते म्हणाले, "मॅडम, तुम्हाला वाटत असेल मला गाडी लावायला जागा हवी. माझ्याकडं गाडीच नाही." मग मान खाली घालून बोलले. "लहानपणी गावात आमची वस्ती उतारावर होती. वरच्या गावाचं सगळं पाणी आमच्या दारातून जायचं. आई दारात दगड मांडून पाणी वळवायची. मी तेव्हा ठरवलं होतं, मोठा झालो की माझ्या दारात सांडपाणी दिसू द्यायचं नाही. म्हणून मला ही जागा फरशांनी झाकायची होती."

मी त्यांच्याशी वाद घातला नाही. पण कपाटातलं निळं टिकावं अशी इच्छा मला त्या सकाळी आधीपेक्षा जास्त झाली, आणि ती माझ्या संशोधनासाठी नव्हती.

रविवार, सभा

सभा सोसायटीच्या आवारात होती, सतरंज्या अंथरून. वर बाबासाहेबांची तसबीर, खाली भालेराव, बाजूला माईक. सगळी सोसायटी होती, वर शेजारच्या सोसायटीतलेही चार जण बघायला आलेले. पगारेताई पहिल्या रांगेत, दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसलेल्या. मी मागं उभी राहिले, कारण मला बसवत नव्हतं.

भालेराव ऑफिसात गेले. कुलूप उघडल्याचा आवाज बाहेर ऐकू आला. ते दोन्ही बाटल्या पदराखाली झाकाव्यात तशा शर्टाशी धरून बाहेर आले आणि टेबलावर ठेवल्या.

एक बाटली पांढुरकी, तळाशी काळं, बूच उघडताच वास. दुसरी निळी. पाच दिवसांपूर्वी होती तितकीच निळी.

त्यांनी ती उचलली, उन्हाकडं धरली, फिरवून पाहिली.

"निळं आहे," भालेराव माईकवर म्हणाले. आणि पुन्हा, जणू स्वतःलाच पटवायला, "निळं आहे."

पुढं काय झालं ते नीट सांगता येणार नाही. पगारेताईंनी तोंडावर पदर धरला. बायका उठून उभ्या राहिल्या. कुणी तरी "जय भीम" म्हणून ओरडलं आणि सगळ्या आवारानं साथ दिली. मी टाळ्या वाजवत होते आणि मोठ्यानं रडत होते. पन्नाशीतल्या बाईनं असं चारचौघांत रडू नये म्हणतात, पण मला त्याची पर्वा नव्हती. मी जिंकले होते, आम्ही जिंकलो होतो.

आवाज जरा निवल्यावर शेवटच्या रांगेतला एक तरुण उठला. डी विंगचा, नवी गाडी घेतलेला. "पण साहेब, काही म्हटलं तरी हे सांडपाणीच ना शेवटी?"

सगळे भालेरावांकडं बघायला लागले. हा प्रश्न गेली दोन वर्षं तेच विचारत आले होते.

"होतं," भालेराव म्हणाले. "वरच्या गावाचं पाणी आमच्या वस्तीत यायचं, ते घाण यायचं. आपल्या सोसायटीतून आज जे बाहेर पडतंय, ते हे आहे. हातात घेऊन बघ."

त्यांनी निळी बाटली पहिल्या रांगेत दिली. ती हातोहात मागं निघाली. आजींनी तिला नाकाशी धरून वास घेतला, कुणी उजेडात हलवून पाहिली, आणि शेवटी ती त्या तरुणाच्या हातात पोचली. त्यानं ती चटकन एका हातात घेतली तशी पगारेताई पहिल्या रांगेतून उठून ओरडल्या, "अरे दोन्ही हातांनी धर! फुटली तर परत पेठपासून सुरुवात!"

सभा हसली. तो तरुणही हसला, त्यानं बाटली दोन्ही हातांनी धरली, आणि भालेरावांनी वाफा आणि टाकी राहू देण्याचा ठराव मांडला तेव्हा हात वर करायला त्याचे हात मोकळे नव्हते, म्हणून त्यानं बाटलीच वर केली.